‘आपल्याकडे असलं काही नसतं’

डॅलसहून एका ताईंचं पत्र आलंय. चांगलं लांबलचक, दोन-तीन बैठकांत लिहिलेलं दिसतंय. लेक १९ वर्षांची, ऑस्टिनला शिकते. ती गर्भपाताच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चाला गेली, हातात फलक घेतलेला तिचा फोटो कुणीतरी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि घरात भडका उडाला. ताई लिहितात: “हिचे बाबा तीन आठवडे तिच्याशी बोललेले नाहीत. हा इथल्या लोकांचा, त्यांच्या धर्माचा वाद. आपल्याकडे असलं काही नसतं, आपण कशाला मध्ये पडायचं? वर आमचं ग्रीन कार्ड अडकलेलं. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, त्यांना काय सांगू? धाकटा मित्राबरोबर चर्चमध्ये जातो, तो बहिणीला तोंडावर खुनी म्हणाला. उद्या हिचं लग्न कसं जमणार?” आणि अगदी शेवटी, कंसात: “(माझ्या आईचीही एकदा पिशवी साफ केली होती म्हणे, पण ते वेगळं.)”

ताई, पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कंसापाशी अडले. तुमची झोप उडालीय हे कळतंय. नवरा एकीकडे, लेक दुसरीकडे, आणि मधल्यामध्ये तुम्ही. पण रागावू नका, मला त्या कंसाबद्दलच बोलायचंय. हे मी पूर्वीही लिहिलंय आणि पुन्हा लिहीन.

ते वेगळं कसं? आपल्या आया-मावश्यांनी ‘गर्भपात’ हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. त्यांची ‘पिशवी साफ’ व्हायची, ‘क्युरेटिंग’ व्हायचं, नाहीतर ‘राहिलं नाही’. आपोआप पडलेलं, परवडत नाही म्हणून पाडलेलं आणि सासूच्या धाकाने पाडलेलं, सगळं एकाच गाठोड्यात. आता लेक तो शब्द मोठ्याने उच्चारते, तर तुम्हाला वाटतं तो तिने अमेरिकेतून उचलला.

आपल्याकडे, भारतात, गर्भपाताचा कायदा झाला १९७१ साली. अमेरिकेत गर्भपाताचा हक्क मान्य करणारा ‘रो विरुद्ध वेड’चा निकाल लागला तो १९७३ मध्ये, म्हणजे आपण दोन वर्षं आधी. बाया अडाणी हातांखाली मरत होत्या म्हणून शांतिलाल शाह समिती नेमली गेली आणि संसदेने कायदा केला. रस्त्यावर उतरावं लागलं नाही, आणि म्हणूनच, मला वाटतं, घरात त्यावर बोलायची सवयच लागली नाही. त्याहीमागे गेलात तर पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, दिवस गेलेल्या विधवांसाठी. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत तिथेच जन्मला. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि त्या कामापायी प्राध्यापकी गमावली. हा वाद आपल्या घरचाच आहे, ताई.

माझ्या घरचं सांगते. मी नऊ वर्षांची असताना एकदा अचानक डिंकाचे लाडू झाले. बाळंतिणीला करतात तसे, खारीक-खोबरं घालून. धाकटी काकू माजघरात भिंतीकडे तोंड करून निजलेली. मी विचारलं, बाळ कुठाय? आईने माझा दंड धरून मला परसात नेलं आणि म्हणाली, काकूला ताप आलाय, तोंड बंद ठेव. दोन वर्षांनी पुन्हा लाडू झाले, पुन्हा ताप. काकूला आधीच्या दोन मुली होत्या. पोटातल्या दोन्ही खेपा मुलीच्याच आहेत, हे सुईने पाणी काढून तपासून घेतलं होतं, ते मला माझ्या लग्नानंतर कळलं. अशा तपासण्यांवर महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, देशात सगळ्यात आधी, आणि १९९४ मध्ये देशभरासाठी तसाच कायदा झाला. काकूच्या उपयोगी पडला नाही.

आता नीट बघा. १९७१ चा कायदा होता, दवाखाना होता, डॉक्टर शिकलेला होता. काकूला मात्र कुणी विचारलं नव्हतं. तिच्या दोन मुली पाडायच्या हे तिच्या सासूने ठरवलं, माझ्या सख्ख्या आजीने. तुमच्या टेक्सासमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून गर्भपाताला सहा आठवड्यांची मर्यादा आली. सहा आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे पाळी चुकल्यावर हातात जेमतेम दोन आठवडे. २०२२ च्या ऑगस्टपासून तर जवळजवळ पूर्ण बंदी. आईच्या जिवावर बेतलं किंवा शरीराच्या एखाद्या मुख्य कार्याला मोठी बाधा येण्याचा गंभीर धोका असेल तरच सूट, बलात्कारालाही नाही. डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. इथेही बाईला कुणी विचारत नाही. आजी आणि टेक्सासचं विधिमंडळ यांत मला तेवढाच फरक दिसतो की आजीने लाडू तरी केले. मला दोघांचाही सारखाच राग येतो, आणि तुमच्या लेकीलाही यावा अशी माझी इच्छा आहे. पण तिला काकू माहीत असेल तर ना!

मी स्वतःही काही फार शहाणपणाने वागले नाही. १९९८ मध्ये, न्यू जर्सीत, दहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोका दिसला नाही. हवंहवंसं बाळ होतं. डी अँड सी झालं, म्हणजे आपलं क्युरेटिंगच. घरी येऊन कागद वाचला, तर त्यावर ‘मिस्ड अबॉर्शन’. आपोआप थांबलेल्या गर्भालाही डॉक्टर तोच शब्द लावतात हे मला ठाऊक नव्हतं. मी त्या कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो पासपोर्टांच्या पाकिटात सगळ्यात मागे सरकवला. २४ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने रोचा निकाल फिरवला, त्या रात्री लेकीचा रडत फोन आला. तेव्हा मी तो कागद काढून तिला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आई, तू एकटीच होतीस का गं तेव्हा?”

मृत गर्भ काढणं टेक्सासच्या कायद्यात गर्भपात धरत नाहीत. पण पाणी गेलंय, बाळ वाचणार नाही, ठोका मात्र चालू आहे, अशा वेळी डॉक्टरचा हात आखडतो. सविता हलप्पनवार आठवते? मूळची बेळगावची, दंतवैद्य, ३१ वर्षांची, आयर्लंडमध्ये राहणारी. सतरावा आठवडा, गर्भ वाचणार नव्हता, तिने सुटका मागितली, ठोका आहे म्हणून नकार मिळाला. २८ ऑक्टोबर २०१२ ला जंतुसंसर्गाने गेली. २०१८ च्या सार्वमताआधी तिच्या वडिलांनी बेळगावहून आयर्लंडच्या लोकांना बंदी उठवण्यासाठी मत द्या म्हणून विनवलं, आणि दोन-तृतीयांश लोकांनी तसं मत दिलं. हे तुमच्या यजमानांना सांगा. सविताचे वडीलही एका मुलीचे बापच होते, आणि त्यांना परक्या देशाच्या वादात पडावं लागलं.

धाकट्याला दटावू नका. गर्भाचा जीव मोलाचा मानणारा माणूस दुष्ट नसतो, आपल्याही शास्त्रांनी भ्रूणहत्येला पाप म्हटलंय. त्याला सविताची गोष्ट सांगा आणि तो काय म्हणतो ते ऐका. ‘खुनी’ शब्दाबद्दल मात्र त्याने बहिणीची माफी मागायलाच हवी. सासूबाईंना काही सांगू नका, त्यांनाच विचारा, तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असेल. ग्रीन कार्डाचं वकिलाला विचारा, मंडळातल्या लोकांना नको. लेकीच्या लग्नाची काळजी ती स्वतः करील तेव्हा करा.

राहता राहिला तुमचा कंस. तुमची आई अजून आहे, साताऱ्याला असते, असं पत्रात दुसरीकडे लिहिलंय. शनिवारी रात्री तुमचे नऊ वाजतात तेव्हा तिची सकाळ झालेली असते, चहा झालेला असतो. लेक या शनिवारी घरी येतेय ना? तिला शेजारी बसवा, फोन लावा, आणि आईला विचारा, “आई, तेव्हा काय झालं होतं गं?” मग मध्ये बोलू नका.