अमेरिकेतल्या बोस्टनचा १७७० चा गोळीबार एका शिकाऊ पोरामुळे झाला, हे खरं आहे का?

निमित्त त्याचं, पण १७६८ पासून शहरात ठाण मांडलेल्या ब्रिटिश पलटणींवर लोक आधीच खार खाऊन होते. एडवर्ड गॅरिक विग बनवणाऱ्याकडे उमेदवारी करायचा. ५ मार्चच्या संध्याकाळी किंग स्ट्रीटवर त्याने ब्रिटिश अधिकारी कॅप्टन गोल्डफिंचला मालकाचे पैसे थकवल्याबद्दल भर रस्त्यात टोमणा मारला. (गंमत म्हणजे बिल चुकतं झालं होतं!) पहारेकरी ह्यू व्हाइटने बंदुकीनेच पोराच्या डोक्यावर हाणलं. गर्दी जमली, बर्फाचे गोळे सुटले, मग सैनिकांच्या गोळ्या. पाच जण गेले. त्यातला सॅम्युएल मॅव्हरिक जेमतेम १७ वर्षांचा, हस्तिदंत कातणाऱ्याकडे शिकणारा. गॅरिक वाचला, त्या सैनिकांचा अधिकारी कॅप्टन प्रेस्टन याच्या खटल्यात त्याने साक्षही दिली. प्रेस्टन मात्र निर्दोष सुटला.