भर ओसरल्यावर काय उरतं?

प्रश्न : माझी आत्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेली. कावीळ झाली म्हणून तपासायला नेलं, तेव्हाच तो यकृतात पसरलेला निघाला. मी जीवरसायनशास्त्रात एमएस्सी करतेय. पीएचडी कॅन्सरवरच करायची असं ठरवलंय. घरचे म्हणतात, भावनेचा भर आहे, ओसरेल. मुलाखतीत आत्याबद्दल सांगावं का?

उत्तर : ओसरतो, घरच्यांचं तेवढं बरोबर आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचं बुरशी आलेलं कल्चर फेकून देताना गेलेलं माणूस आठवत नाही. पुन्हा पेशी कधी वाढतील, एवढंच डोक्यात असतं. तेव्हा हाताशी एखादा प्रश्न लागतो.

माझे वडील मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले. 'गाठीत केआरएएस जनुक बदललंय, सेटक्सिमॅब चालणार नाही,' असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या, मला मात्र ते वाक्य सोडेना. ते औषध पेशीच्या पृष्ठभागावरचं ईजीएफआर, म्हणजे वाढीचा संदेश घेणारं प्रथिन, अडवतं. केआरएएस त्या संदेशाचा पुढचा, पेशीच्या आतला टप्पा. तोच कायमचा चालू राहिला, तर बाहेर अडवून उपयोग काय? मग आतलंच का अडवत नाहीत?

या 'का'नेच मला प्रयोगशाळेत आणलं. माणसाच्या कॅन्सरमध्ये बदललेलं रास जनुक (केआरएएस याच कुळातलं) १९८२ मध्ये सापडलं होतं. केआरएएसमधल्या जी१२सी या बदलावरचं पहिलं औषध, सोटोरासिब, मंजूर झालं २०२१ मध्ये, तेही फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी. स्वादुपिंडाच्या बहुतेक गाठींत केआरएएस बदललेलं असतं, पण तिथे जी१२डी हा वेगळा बदल जास्त आढळतो. म्हणून 'आत्यासारखं कुणाचं होऊ नये' हे ओझं पीएचडीवर टाकू नका. एक प्रथिन दुसऱ्याला कुठे चिकटतं, एवढं पक्कं कळलं तरी प्रबंध होतो.

मुलाखतीत आत्याबद्दल एका वाक्यात सांगा आणि लगेच प्रश्नावर या. समिती दुःखाला गुण देत नाही, देऊही नये. तुमच्या पत्रातली कावीळ मला महत्त्वाची वाटते. स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ पित्तनलिका दाबते, त्यामुळे कावीळ दिसून ती शेपटाकडच्या गाठीपेक्षा बरेचदा लवकर सापडते. आत्याची गाठ नेमकी कुठे होती? डोक्याकडे असेल, तर कावीळ दिसेपर्यंत तिच्या पेशी यकृतात कशा पोचल्या? हे घेऊन तुम्ही कोणत्याही मार्गदर्शकासमोर बसू शकता.

आणि सुरुवातीलाच रुग्णांच्या गाठींचे नमुने हाताळायचं काम आलं, तर 'आत्ता नको' म्हणायला लाजू नका. सेल लाइनवर, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशींवर, शिकण्यासारखं भरपूर असतं.