ओटीच्या वेळी मी स्वयंपाकघरात

प्रश्न : ताई, माझं वय 66. मंगळवार पेठेत घर, मालक जाऊन अडीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात सुनेचं डोहाळजेवण झालं. चाळीस पानं उठली. पुरणपोळ्या, कटाची आमटी, सगळं मी आणि शेजारच्या एकीनं केलं. ओटीची वेळ झाली तशी मी तांदूळ-नारळाचं ताट घेऊन बाहेर आले, तर नणंद म्हणाली, "वैनी, तुम्ही आतलं बघा, इथं आम्ही हाय की." हसूनच म्हणाली आणि ताट माझ्या हातातनं घेतलं. मुलगा मोबाईलवर फोटो काढत होता. त्यानं बघितलं आणि मान खाली घातली. एरवी जेवणखाण, औषधपाणी कशाला कमी नाही, दोघं 'आई, आई' करतात. मग एवढ्यातेवढ्याचं काय लावून घ्यायचं, असंही वाटतं. आता बारसं आमच्याकडंच ठरलंय. त्या दिवशी लेकीकडं इचलकरंजीला जाऊन राहावं म्हणते. चुकतंय का माझं?

उत्तर : वहिनी, हे एवढंतेवढं नाही. पुरण वाटायला तुमचा हात चालतो आणि नारळ ठेवायला चालत नाही, हा कुठला न्याय? नणंदेवर राग धरू नका असं मी सांगणार नाही. थोडा धरा.

पण माझंही एक ऐका. तीसेक वर्षांपूर्वी संक्रांतीला मी कोयरी घेऊन ओळीनं कुंकू लावत चालले होते. धाकटी जाऊ ओळीत तिसरी. दीर जाऊन वर्ष झालं होतं. माझं बोट दुसरीच्या कपाळावरनं उठलं ते थेट चौथीकडं गेलं. जावेनं पदर सारखा केला आणि तिळगूळ वाटायला उठली. मला कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. कोल्हापुरी बाईच्या तोंडी 'आले'च्या जागी 'आलो' येतं ना, तशी ती हाताची सवय. फरक इतकाच की 'आलो' म्हटल्यानं कुणाला उठून आत जावं लागत नाही.

सवय मोडता येते, आणि तीही आपल्याच जिल्ह्यात मोडली. 4 मे 2022 ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला तेव्हा दोनच दिवस होते. महाराजांनी विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा 1917 सालीच केला होता. आपण दसरा चौकात त्यांच्या पुतळ्याला हार घालतो आणि घरी येऊन वैनीला आत पाठवतो. हेरवाडनंतर सरकारनंही बाकीच्या गावांना तसंच करायला सांगितलं. नणंदेला हे सुनवायला जाऊ नका, वाद होईल. पण तुमच्या स्वतःच्या मनात 'मी उगाच ताणतेय का' ही जी टोचणी आहे, ती यानं निघावी.

बोलायचं ते मुलाशी. जेवताना नको, तेव्हा तो ताटातच बघत बसेल. संध्याकाळी रंकाळ्यावर चला म्हणा. चालता चालता एवढंच बोला : "आत्तीनं ताट घेतलं तेव्हा तू बघितलंस." पुढं गप्प राहा. अवघड जाईल, पण त्यालाच बोलू दे. सुनेला यात ओढू नका. सात महिन्यांची पोर पाटावर बसलेली, चाळीस माणसांत ती काय बोलणार होती?

आणि बारशाला काय हवं ते नेमकं सांगा. नुसतं 'मान ठेवा' म्हटलं तर साडी आणतील. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणताना पाळण्याच्या एका बाजूला मी उभी राहणार, समोर सुनेची आई," असं सांगा. बाळ पाळण्याखालनं पहिल्यांदा तुमच्या हातात येऊ दे.

राहता राहिली इचलकरंजी. अहो, बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते, म्हणजे तुमची लेक त्या दिवशी कोल्हापुरात. तिथं जाऊन कुलपाशी बसणार आहात का? घुगऱ्यांचे हरभरे आदल्या रात्री भिजत घालायचं काम मात्र या खेपेला नणंदेला सांगा.