स्टीमपंक म्हणजे नेमकं काय?

पेट्रोल आणि विजेऐवजी जग वाफेवरच पुढे गेलं असतं तर? या कल्पनेतून स्टीमपंक ही विज्ञानकथांची आणि सजावटीची शैली उभी राहते. व्हिक्टोरियन (एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडचे) कपडे, पितळी दातेरी चाकं, उघडे रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे). हा शब्द अमेरिकन विज्ञानकथालेखक के. डब्ल्यू. जीटर यांनी १९८७ साली 'लोकस' मासिकाला लिहिलेल्या पत्रातून आला.

माझ्या मते यातलं खरं सौंदर्य म्हणजे यंत्र आपलं काम लपवत नाही. उदाहरणार्थ, एकोणिसाव्या शतकातले इंग्लिश गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांचं दुसरं डिफरन्स इंजिन, म्हणजे दातेरी चाकांनी आकडेमोड करणारं यंत्र, त्यांच्या हयातीत बनलंच नाही. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्यांच्याच आराखड्यावरून त्याचा गणन-भाग १९९१ साली पूर्ण केला. हँडल फिरवलं की बेरजेतला हातचा एका चाकावरून पुढच्या चाकावर जाताना चक्क डोळ्यांना दिसतो! मोबाइलच्या काचेखाली तो कुठे दिसणार?