दूर राहून, एकमेकांच्या रेकॉर्डिंगवर थर चढवत प्रयोगशील संगीत करता येतं का?

येतं, आणि फार छान होतं. फक्त एकाच वेळी वाजवायचा हट्ट सोडा; इंटरनेटवरून आवाज पोचायला उशीर होतो आणि लय निसटते. एकाने रेकॉर्ड करायचं, दुसऱ्याने ते ऐकत आपलं वाजवायचं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्क वायडेनबॉम यांनी जानेवारी २०१२मध्ये सुरू केलेला 'डिस्क्वाएट जंटो' हा संगीतकारांचा ऑनलाइन गट बघा. तिथे दर गुरुवारी एक नवं काम मिळतं. पहिलं होतं ग्लासातल्या बर्फाच्या आवाजाचं. मला सगळ्यात आवडतो तो त्रिकुटाचा प्रयोग: पहिल्या आठवड्यात कोणीतरी एकट्याने वाजवतं, दुसऱ्यात एखादा अनोळखी त्यात भर घालतो, तिसऱ्यात तिसरा. खरी कसोटी पहिल्याची. पुढच्या दोघांसाठी जागा सोडून वाजवणं अवघड असतं. त्यानेच सगळं भरून टाकलं तर पुढच्यांना उरणार काय?

हेडफोन लावूनच वाजवा, नाहीतर आधीचा थर माइकमध्ये शिरतो. तुमचा थर वेगळ्या वेव्ह (WAV) फाइलमध्ये, मूळ फाइलच्या शून्य सेकंदापासून सुरू करून पाठवा. परवानाही तपासा: क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे निर्मात्याने ठरवलेल्या अटींवर काम वापरू देणारे परवाने; त्यातल्या 'एनडी' (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदललेलं रूप प्रसिद्ध करायला मनाई) परवान्याच्या रेकॉर्डिंगवर थर चढवून ते प्रसिद्ध करता येत नाही.