इंदूरमध्ये १००चा प्लॅन घेतला, मग मोबाईलवर ४०च का येतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रामबागेतलं जुनं, जाड भिंतींचं घर, १०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन. मोबाईलवर स्पीड टेस्ट केली की दिवसा ४० येतात, रात्री नऊला १५. कंपनी फसवते आहे का?

अर्धी फसवते. पण कोणती अर्धी ते आधी वेगळं काढा. नाहीतर तक्रार केल्यावर मुलगा येईल, आपला लॅपटॉप केबलने राउटरला लावेल, ९४ दाखवेल आणि ‘भिया, हमारे यहाँ से तो पूरा आ रहा है’ म्हणून गाडीला किक मारेल. तो खोटं बोलत नसतो. जाहिरातीतला आकडा त्या राउटरपर्यंतचाच असतो, तुमच्या पलंगापर्यंतचा नव्हे.

दिवसाचे ४० आणि रात्रीचे १५ ही दोन निरनिराळी दुखणी आहेत.

४० हे बहुतेक वायफायचं काम. राउटर दोन पट्ट्यांवर चालतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ची लहर भिंतीतून बऱ्यापैकी जाते, पण तिथे गर्दी फार. एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. तुमच्या गल्लीत मोबाईलवर वायफायची यादी उघडा, वीस-पंचवीस नावं दिसतील. त्यांतली बरीचशी या तिघांतच कोंबलेली असतात. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे दूध गरम करताना व्हिडिओ कॉल अडखळला तर नवल नाही. त्यात साधा फोन २.४वर एका अँटेनाने जोडला गेला की कागदावर त्याला ७२ एमबीपीएस मिळतात; बोलण्याची पाळी, पोच, पुन्हा पाठवणं यांत बराच भाग जाऊन हातात ४०च्या आसपास उरतात. म्हणजे तुमचा आकडा अगदी पुस्तकातला आहे.

५ गिगाहर्ट्झवर याच फोनला शंभर सहज मिळतील, पण एकाच खोलीत. दीड-दोन फुटांच्या विटांच्या भिंतीपलीकडे ती लहर पार मरते. आणि राउटर असतो कुठे? दाराशी, मीटरच्या वर, जिथे त्या मुलाला ड्रिल मारायला सोपं पडलं तिथे. काही घरांत तर टीव्हीच्या लोखंडी कपाटात बंद! आधी तो बाहेर काढून घराच्या मध्यावर, उंचावर आणा. दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या, म्हणजे फोन कशाला चिकटलाय ते तरी कळेल. मागच्या खोल्यांसाठी लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलमधून आलेलं नेट वायफायने पसरवण्यापुरता, लावा. दुकानदार स्वस्तातला रिपीटर गळ्यात मारेल, तो घेऊ नका. एकाच चॅनलवर ऐकायचं आणि तेच पुन्हा बोलायचं, यात वेग निम्मा होतो.

एक खूण लक्षात ठेवा. प्लॅन २०० किंवा ३००चा आणि केबलवर आकडा बरोब्बर ९४-९५वर अडकतो, सकाळी तेच, रात्री तेच, तर कुठेतरी शंभराचा पोर्ट किंवा खराब केबल आहे. लोकमान्यनगरात आमच्या मावशीकडे हेच होतं. राउटर गिगाबिटचा (म्हणजे १,००० एमबीपीएसचा), लॅपटॉपही, तरी ९४. केबल दाराच्या चौकटीतून गेली होती आणि दार लावताना रोज चेपत होती. आत तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, शंभराला दोन पुरतात. जास्तीच्या दोनांतली एक जोडी तुटली की दोन्ही टोकं गुपचूप शंभरावर येतात, कुठे काही एरर दिसत नाही. केबल बदलली, आकडा १९०च्या वर गेला.

आता रात्रीचे १५. केबल लावूनही रात्री आकडा असाच कोसळत असेल तर तुमच्या घराचा त्यात दोष नाही. घरगुती फायबरची एक तार सगळ्यांत वाटलेली असते. जीपॉन नावाच्या प्रचलित पद्धतीत एका पोर्टवर खाली येणारे सुमारे २,५०० एमबीपीएस असतात आणि स्प्लिटर, म्हणजे तारेला फाटे फोडणारी डबी, लावून ते ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. ६४ घरांना शंभर-शंभर विकले की झाले ६,४००. कार्यालयात पाचशे पत्रिका वाटून पन्नास पानांची पंगत मांडतात तसं हे, सगळे एकदम बसणार नाहीत या भरवशावर. यात गैर काही नाही. ट्राय या दूरसंचार नियामकानेही २००९च्या मार्गदर्शक सूचनांत घरगुती ग्राहकांसाठी १:५०पर्यंतचं, म्हणजे एकाची क्षमता पन्नासांत वाटण्याचं, प्रमाण चालवून घेतलं होतं. खरी चोरी बहुधा याच्याही मागे असते. गिऱ्हाइकं वाढत जातात, पण ऑपरेटर वरून घेतलेली बँडविड्थ, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारी क्षमता, वाढवत नाही. मग आयपीएलच्या वेळेला सगळ्या गल्लीचं चाक फिरत बसतं.

नियमही ग्राहकाला अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करत आले. ट्रायच्या २००६च्या गुणवत्ता नियमांत विकलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त मिळायला हवा असं होतं, पण मोजायचा कुठून? कंपनीच्या नोडपासून, म्हणजे तिच्या जोडणीच्या ठाण्यापासून, तुमच्यापर्यंत. नोडच्या पुढे काय कोंडलंय ते त्यात येतच नाही. ब्रिटनमध्ये मे २०१८पासून जाहिरातीत तोच वेग छापता येतो जो रात्री ८ ते १०च्या गर्दीत निदान निम्म्या ग्राहकांना मिळतो. त्याआधी दहा टक्क्यांना मिळाला तरी चालायचा. आपल्याकडे फलकावर मोठ्ठा आकडा आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘पर्यंत’. माझ्या मते ब्रिटनसारखा नियम इथे कधीच यायला हवा होता.

स्पीड टेस्टवरही डोळे मिटून विश्वास नको. ॲप जवळचा सर्व्हर निवडतं आणि तो अनेकदा कंपनीच्याच जाळ्यात असतो, म्हणून तिथे ९० आणि बाहेरची फाइल मात्र रखडते. सर्व्हर बदलून मुंबई किंवा दिल्लीचा, दुसऱ्या कंपनीचा निवडा. यूट्यूब नीट चाललं हाही पुरावा नाही, त्याचे साठे बऱ्याच कंपन्यांच्या आतच ठेवलेले असतात.

आणि हो, डाउनलोड करताना दिसणारे १२ हे मेगाबाइट असतात, प्लॅनचा आकडा मेगाबिटचा. आठाने गुणा, जवळपास शंभर झाले. तिथे भांडू नका. ‘अनलिमिटेड’ प्लॅनचा महिन्याचा डेटा संपलाय का, तेही एकदा पाहून घ्या.

तर आठवडाभर सकाळी आणि रात्री नऊला, केबल लावून, बाकीची उपकरणं बंद करून टेस्ट घ्या आणि स्क्रीनशॉट ठेवा. तक्रार फोनवर केली तरी डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या. तो नसेल तर वरच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येत नाही, आणि बरीच मंडळी इथेच अडकतात. तरीही हललं नाही तर कंपनी बदला, पण नव्या कंपनीला सहा महिन्यांचे पैसे आगाऊ देऊ नका. तिचं कनेक्शन असलेलं गल्लीतलं एखादं घर शोधा आणि रात्री नऊला लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जा.