कार्ड घे, पण आधी तीन महिन्यांचं स्टेटमेंट वाच

प्रिय मुला,

तुझा मेसेज वाचला. ऑफिसच्या कँटीनमध्ये कार्डवाल्यांचं टेबल लागलं, ऑनलाइन खरेदीच्या कंपनीचं नाव असलेलं कार्ड, प्रत्येक खरेदीवर ५ टक्के परत, वर पाचशेचं व्हाउचर, आणि सही आजच करायची. हिंजवडीत नोकरीला लागलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला पहिल्या वर्षात हे विचारलं जातं. तू सही करण्याआधी मला विचारलंस, याचा मला फार आनंद झाला. म्हणून फोनवर दोन वाक्यांत न उरकता सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, कार्डावर नाव दुकानाचं असलं तरी कर्ज देते ती बँक. बिल बँक पाठवते, व्याज बँक लावते, सिबिलकडे, म्हणजे कोण कर्ज कसं फेडतो याच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे, तुझी नोंदही बँकच पाठवते. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांबद्दल जे निर्देश काढले, त्यांत कार्डावर जिचं नाव असतं त्या सहभागी कंपनीचं काम कार्डाची जाहिरात आणि वितरण करणं, आणि तिच्या वस्तू-सेवा ग्राहकाला मिळवून देणं, एवढंच ठेवलं आहे. त्यामुळे टेबलावरच्या मुलाला कॅशबॅकबद्दल काय विचारायचं ते विचार, पण निर्णय घेताना बँकेचा अटींचा कागद समोर हवा.

आता ५ टक्के. ते खोटे नाहीत. पण ते कशावर मिळतात? त्या कंपनीच्या अ‍ॅपवर केलेल्या खरेदीवर. बाकी ठिकाणी साधारण १ टक्का, आणि पेट्रोल, सोनं, घरभाडं, हप्त्यांवरची खरेदी यांवर बऱ्याच कार्डांत शून्य. तुझा पगार जातो कुठे ते आठव. वाकडच्या फ्लॅटच्या भाड्यातला तुझा वाटा, खानावळीचा डबा, पीएमपीचा पास, बार्शीला आईबाबांना पाठवायचे पैसे. यातलं त्या अ‍ॅपवर काय होतं? तू म्हणालास, महिन्याला तीन-चार हजारांची खरेदी होते. चार हजार धरले तर महिन्याला २०० रुपये, वर्षाला २,४००. ही रक्कम सोडून देण्यासारखी नाही, आणि आयुष्य बदलणारीही नाही. एवढ्याच मापाने निर्णय घ्यायचा आहे, हे लक्षात ठेव.

यातून शुल्क वजा कर. वार्षिक शुल्क ५०० असेल तर १८ टक्के जीएसटी धरून ५९० होतात, म्हणजे ५ टक्क्यांच्या दराने वर्षाची पहिली ११,८०० रुपयांची खरेदी केवळ शुल्क भरून काढण्यातच जाते. काही कार्डांना शुल्क नसतं, पण खर्च दुसरीकडे दडलेला असतो. अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डाला वार्षिक शुल्क नाही. मात्र ५ टक्के मिळतात ते प्राइमच्या सभासदाला, इतरांना ३. प्राइमची वर्षाची वर्गणी १,४९९ रुपये आहे. वरचे दोन टक्के मिळवण्यासाठी ही वर्गणी भरायची असेल, तर वर्षाला सुमारे ७५,००० रुपयांची खरेदी तिथे व्हायला हवी, तेव्हा कुठे बरोबरी होते. तू पन्नास हजारांच्या आतच असतोस. सिनेमे बघायला किंवा लवकर डिलिव्हरीसाठी प्राइम घ्यायचं असेल तर जरूर घे, पण कॅशबॅकच्या हिशोबात ते बसत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. बँकेच्या लक्ष्मी रोड शाखेत असताना समोरच्या खुर्चीत बसून बिल पुढे करणारी तुझ्या वयाची किती तरी मुलं मी पाहिली. हुशार, पगारदार, आणि तरी गोंधळलेली, कारण बिलावरचे दोन आकडे त्यांना कुणी नीट समजावलेच नव्हते. एक असतो एकूण देय रकमेचा, दुसरा किमान देय रकमेचा. किमान रक्कम भरली की विलंबशुल्क टळतं. व्याज टळत नाही.

आणि हे व्याज कसं लागतं ते बघ. समज, १ जूनला तू २०,००० रुपयांचा फोन घेतलास. बिल जूनअखेर आलं, शेवटची तारीख २० जुलै. त्या दिवशी तू १९,००० भरलेस आणि हजार पुढच्या पगारावर ठेवलेस. तुला वाटेल, व्याज हजारावर लागेल. बहुतेक बँकांच्या अटींनुसार पूर्ण रक्कम भरली नाही की खरेदीपासून बिलाच्या शेवटच्या तारखेपर्यंतची बिनव्याजी मुदतच जाते, आणि व्याज पूर्ण २०,००० वर खरेदीच्या दिवसापासून धरलं जातं. महिन्याला ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४५ टक्के हा दर धर, कारण असे दर सर्रास आहेत. ४९ दिवसांचे १,२०८ रुपये होतात, त्यावर जीएसटी २१७. एकूण १,४२५. फोनवर मिळालेला कॅशबॅक होता हजार रुपये. शिवाय थकबाकी शिल्लक असेपर्यंत पुढच्या महिन्यात घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर पहिल्या दिवसापासून व्याज. कार्डावरून एटीएममधून रोख काढलीस तर बिनव्याजी मुदत कधीच नसते, म्हणून ते कधीही करू नकोस.

या दराला वरून कुणी लगाम घालेल, अशी आशाही ठेवू नकोस. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द ठरवला. मला त्याचं वाईट वाटलं, कारण व्याज भरणारा बहुधा तोच असतो ज्याला ते परवडत नाही.

मग कार्ड घ्यावंच का? तुझ्या बाबतीत माझं उत्तर हो आहे, आणि त्याचं कारण कॅशबॅक नाही. तुझ्या नावावर आजवर कुठलंही कर्ज नाही, त्यामुळे सिबिलकडे तुझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाच-सात वर्षांनी पुण्यात घर घ्यायचं म्हणशील तेव्हा वेळेवर भरलेल्या बिलांची नोंद तुझ्या बाजूने बोलेल. त्यासाठी एक कार्ड पुरतं. मर्यादा एक लाखाची मिळाली तरी वापर तीस हजारांच्या आत ठेव. आणि शुल्क नसलेलं घेतलंस, तर ते वर्षानुवर्षं चालू ठेवणं जड जाणार नाही.

काही कार्डं खरेदीवर पैशांऐवजी पॉइंट देतात. त्यांपेक्षा थेट पैसे परत देणारं कार्ड बघ. पॉइंटची किंमत कंपनी ठरवते आणि ती बदलूही शकते. कधी कंपनीच राहत नाही. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली, विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. ज्यांनी त्या नावांकडे बघून कार्डं घेतली होती, त्यांच्यासाठी ते नावच उरलं नाही. तू वर्षातून एकदा विमानात बसतोस, तेव्हा विमानकंपनीच्या नावाचं कार्ड तुझ्यासाठी नाहीच.

मला खरी काळजी वेगळीच आहे. दुकानाचं कार्ड जवळ असलं की माणूस त्याच दुकानात जातो. तुळशीबागेत किंवा अप्पा बळवंत चौकात तीच वस्तू स्वस्त मिळत असेल, पण ५ टक्के आठवतात आणि हात अ‍ॅपकडे वळतो. कंपनी कॅशबॅक देते ती याच सवयीसाठी. म्हणून किंमत आधी दोन ठिकाणी बघ, कार्डाचा विचार त्यानंतर.

घेतलंस तर पहिल्याच दिवशी तुझ्या पगाराच्या खात्यातून एकूण देय रकमेचं ऑटोपे, म्हणजे बिल आपोआप भरलं जाण्याची सोय, लाव. फॉर्मवर किमान रक्कम असा पर्यायही असतो, खूण तिथे होणार नाही हे स्वतः बघ. कार्डाबरोबर विमा चिकटवत असतील तर नाही म्हण. तुझ्या संमतीशिवाय मर्यादा वाढवता येत नाही. नकोसं झालं तर लेखी कळव, थकबाकी नसेल तर सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, नाही तर दिवसाला ५०० रुपये तुला द्यावे लागतात.

आज सही करू नकोस. अर्ज बँकेच्या वेबसाइटवरूनही करता येतो, आणि पाचशेच्या व्हाउचरसाठी घाई करण्याचं कारण नाही. गेल्या तीन महिन्यांचं खात्याचं स्टेटमेंट काढ, त्या कंपनीकडे गेलेल्या रकमांखाली पेन्सिलने रेघ मार आणि बेरीज कर. बेरीज आणि कार्डाच्या अटींचा कागद घेऊन रविवारी सकाळी घरी ये. जेवायलाच थांब.

तुझी,
मावशी